बॅटरी जिन्याखाली नको

प्रश्न : नाशिकला आमचे रो-हाउस असून गच्चीवर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल आहेत. त्यांना आता पाच युनिट साठवणारी लिथियम बॅटरी जोडायची आहे. बसवणारे म्हणतात, ‘ही एलएफपी आहे, ती पेटतच नाही, जिन्याखाली जागा रिकामी आहे, तिथे लावून टाकू.’ विजेवरच्या स्कूटर जळाल्याच्या बातम्या वाचल्यापासून आईचा मात्र बॅटरीलाच विरोध आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : बॅटरी अवश्य घ्यावी, पण जिन्याखाली लावू नये. तेवढ्यापुरते आईंचे ऐकावे.

बसवणाऱ्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. लिथियम बॅटरीतील एखादा सेल आतल्या दोषामुळे, जास्त चार्ज झाल्यामुळे किंवा बाहेरच्या उष्णतेमुळे ठरावीक मर्यादेपलीकडे तापला, की आतल्या रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करू लागतात आणि त्या उष्णतेने क्रियांचा वेग आणखी वाढतो; यालाच थर्मल रनअवे म्हणतात. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजेच एलएफपी, या प्रकारात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्यामुळे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकाराच्या तुलनेत ही अवस्था अधिक तापमानाला येते आणि बाहेर पडणारी उष्णताही कमी असते. घरासाठी एलएफपी निवडणे म्हणूनच योग्य आहे. परंतु दोन्ही प्रकारांतील इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्रव, ज्वलनशीलच असतो, आणि अतितप्त झालेला एलएफपी सेल ज्वाळा न दिसताही हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर वायू बाहेर टाकतो. हे वायू लगेच पेटले नाहीत आणि बंद जागेत साचत गेले, तर पुढे एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सरप्राइज या गावी एप्रिल २०१९ मध्ये नेमके हेच घडले. वीज कंपनीच्या बॅटरी केंद्रात एक सेल बिघडला, आग विझवणारा वायू आपोआप सोडला गेला. पण त्याने सेल थंड झाले नाहीत आणि बिघाड शेजारच्या सेलमध्ये पसरत राहिला. काही तासांनी अग्निशमन दलाच्या जवानांनी दार उघडले तेव्हा साचलेल्या वायूंचा स्फोट होऊन ते जखमी झाले. ते केंद्र आपल्या बॅटरीच्या कित्येक पट मोठे होते आणि त्यातील सेल एलएफपी नव्हते, त्यामुळे तेवढा धोका आपल्या घरात आहे असे मुळीच नाही. मात्र कोंदट जागेत वायू कसे वागतात, हे त्यावरून समजते.

आता आपल्या जिन्याखालची जागा डोळ्यांसमोर आणावी. चपलांचे कपाट, रद्दीचे गठ्ठे, दिवाळीचा आकाशकंदील, आणि वर झोपलेल्या माणसांना खाली येण्याची तीच एकमेव वाट. ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पास ६३१००’ या घरगुती बॅटऱ्यांविषयीच्या मानकात झोपण्याच्या खोल्या, छताखालचे पोटमाळे आणि सुटकेच्या वाटेवरील जिने व बोळ या जागा वर्ज्य केल्या आहेत. ते मानक आपल्याकडे बंधनकारक नाही. पण धूर नाशिकच्या जिन्यातूनही वरच चढतो. बॅटरी बाहेरच्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर, खिडकी-दारापासून किमान एक मीटर दूर लावावी. तिच्यावर पावसाचे शिंतोडे आणि दुपारचे ऊन येऊ नये, आणि गाडी लावताना हँडल आदळेल अशीही ती जागा नसावी.

विक्रेत्याकडे ‘यूएल ९५४०ए’ चाचणीचा अहवाल मागावा. या चाचणीत एक सेल मुद्दाम थर्मल रनअवेमध्ये ढकलून बिघाड शेजारी पसरतो का, हे पाहतात. ‘पेटतच नाही’ या तोंडी हमीपेक्षा तो कागद अधिक उपयोगी आहे.

जोडणीबद्दल लोक फारसे विचारत नाहीत, म्हणून न विचारताच सांगतो. ओळखीच्या एका घरी इन्व्हर्टरजवळ अधूनमधून जळका वास येत असे. झाकण उघडले तर बॅटरीच्या जाड केबलचा एक लग, म्हणजे टोकाची धातूची पट्टी, बोटाने हलत होता. त्यावरची लाल स्लीव्ह तपकिरी होऊन चिरली होती आणि बोल्टखालचा वॉशर निळसर पडला होता. सेल ठणठणीत होते, आग लागली असती ती त्या ढिल्या बोल्टमुळे. बॅटरीच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, विजेची ठिणगी घरातल्या एसी विजेप्रमाणे सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, त्यामुळे ती सहज विझत नाही. घरातला नेहमीचा एसी एमसीबी (बिघाड होताच वीज तोडणारा स्विच) या बाजूला चालत नाही. डीसीसाठीचाच फ्यूज आणि ब्रेकर लागतो. बोल्ट उत्पादकाने दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्यावेत.

प्रश्न : आमची जुनी ट्यूब्युलर बॅटरी देवघराखालच्या बंद कपाटात आहे. ती लिथियमपेक्षा सुरक्षितच ना?

उत्तर : त्या जागी नाही. ट्यूब्युलर ही लेड-ॲसिड बॅटरीच असते; ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेटू शकतो. वर निरांजन आणि खाली बंद कपाट ही जोडी मोडावी. बॅटरी हवेशीर जागी हलवावी. पुढे त्याच इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी जोडण्याचा विचार असल्यास त्याच्या चार्जरमध्ये लिथियमसाठी सोय आहे का, हे आधी पाहावे.

प्रश्न : लिथियम बॅटरी पेटलीच, तर कोणते अग्निशामक वापरावे?

उत्तर : घरच्या माणसाने ती विझवण्याच्या फंदात पडू नये. पावडरचा सिलिंडर वरच्या ज्वाळा दाबतो, पण आतले सेल थंड करत नाही. शिवाय धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. सर्वांना बाहेर काढावे, मागे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करून ‘लिथियम बॅटरी आहे, गच्चीवर सौर पॅनेल आहेत’ असे स्पष्ट सांगावे. मेन स्विच बंद केला तरी दिवसा पॅनेलच्या तारांत वीज असतेच, हे जवानांना आधी कळलेले बरे. आग विझल्यावरही काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, बॅटरी पुन्हा पेटू शकते. म्हणून ती बाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवल्याची खात्री दलाकडून करून घेतल्याशिवाय घरात झोपायला जाऊ नये.