सोयाबीनचे झाड तांबेऱ्याला कसे रोखते?

तांबेरा हा पानांवरचा बुरशीजन्य रोग पसरला तरी सोयाबीनचे काही वाण का तगतात, असे आपण इंदूरजवळच्या शेतासंदर्भात विचारले आहे. पानावरचा मेणचट थर हा पहिला अडसर खरा, परंतु तांबेऱ्याची बुरशी तो थेट भेदते. बुरशीच्या पेशीभित्तिकेतील कायटिन या चिवट द्रव्याचे तुकडे ओळखताच पानाच्या पेशी आपली भित्तिका कॅलोज या शर्करेपासून बनलेल्या द्रव्याने जाड करतात, कायटिन तोडणारी विकरे (एन्झाइम) सोडतात आणि ग्लायसिओलिन हे बुरशीरोधक द्रव्य बनवतात. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की, प्रतिकारक वाणात बाधित पेशी स्वतःच मरतात आणि जिवंत पेशींवरच जगणाऱ्या या बुरशीची उपासमार होते. पानाची खालची बाजू भिंगातून अवश्य पाहा: अशा वाणावर लालसर तपकिरी ठिपके व मोजकेच बीजाणू (बुरशी पसरवणारे सूक्ष्म कण) दिसतात, तर बळी पडणाऱ्या वाणावरचे फिकट भुरे ठिपके बीजाणूंच्या भुकटीने भरलेले असतात.