आजीच्या अंबाड्याबद्दल तू विचारलंस म्हणून

चिऊ,

शनिवारी बॅलेच्या क्लासला जाताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, आजीच्या सगळ्या फोटोंत तोच अंबाडा आहे. तिला कोणी विचारलं होतं का, की तुला आवडतो का म्हणून?"

मी म्हटलं, "सीटबेल्ट लाव." तो तू लावलेला होता.

खरं सांगतो, मला राग आला होता. पाचच मिनिटांपूर्वी मी तुझा अंबाडा घालून दिला होता, कारण तुझ्या टीचरना एक बट सुटलेली चालत नाही. त्यावर तू चकार शब्द काढला नव्हतास. म्हणजे लीड्समध्ये तो नियम आणि बडोद्यात जुलूम? बोललो नाही ते बरं झालं. पुढच्या सिग्नलला लक्षात आलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीतच नाही. मी तिला कधी विचारलेलं नाही. आणि चिऊ, तिचा अंबाडा दीड महिना मी घातलेला आहे.

हे तुला कोणी सांगितलं नसेल. आजीकडून मी तसं कबूल करून घेतलं होतं, आणि नंदूआत्या तेव्हा शिकायला पुण्यात होती.

१९८९चा श्रावण. दांडिया बाजारातल्या आपल्या घराचा तो जिना, ज्याच्यावरून तू चार वर्षांची असताना बसत बसत उतरली होतीस, त्याच्यावरून आजी घसरली. उजवं मनगट गेलं, सहा आठवडे प्लॅस्टर. ती शाळेत शिकवायची, रजा संपली की जाणं भागच होतं. नाना पोळ्या लाटायला शिकले (त्या पोळ्यांबद्दल पुन्हा कधीतरी). खडू तिनं डाव्या हातात घेतला. पण कमरेखाली वीतभर जाणारे केस एका हातानं बांधता येत नाहीत.

पहिले तीन-चार दिवस शेजारच्या काकी यायच्या. त्या गुजराती. त्या म्हणायच्या अंबोडो, आपण म्हणतो अंबाडा. शब्दात एवढासाच फरक, डोक्यावर मात्र बराच. "बेन, हलशो नहीं," म्हणत त्या तो पार टाळूजवळ चढवायच्या, आणि आई आरशात बघून गप्प बसायची. शेजारणीला नावं कशी ठेवणार? चौथ्या दिवशी तिनं मला हाक मारली. "पतंगाची कन्नी तूच बांधतोस ना? मग इकडे ये."

मी अकरा वर्षांचा होतो. आधी दाराला कडी लावली. खालून मुलं क्रिकेटला हाका मारत होती.

तुझा अंबाडा मी जसा घालतो तो तोच आहे, एवढं तुला कळलं असेलच. न्हाल्या दिवशी तो बसत नाही, केस निसटतात. दुसऱ्या दिवशीचे केस हाताला ऐकतात. ओले तर बांधायचेच नाहीत, आत कोंदट वास धरतो. सगळे केस मानेच्या वर, खळगा असतो तिथे गोळा करून बांधायचे, मग एकाच दिशेनं पीळ देत जायचं. पीळ पुरेसा झाला की केस आपणच वळायला लागतात, आपण फक्त वाट दाखवायची. टोक खाली खोचायचं. आणि आकडे. ते मला आठवडाभर जमले नाहीत, कारण मी ते सरळ खुपसायचो आणि दुपारपर्यंत ते गळायचे. आकडा आधी उलटा धरून अंबाड्याच्या कडेचे चार केस पकडायचे, मग तो वळवून डोक्यालगत आत, मधल्या बुडाकडे सारायचा. आई हे नुसतं तोंडानं सांगत होती, कारण तिनं स्वतः कधी मागून पाहिलेलंच नव्हतं.

त्याच महिन्यात शाळेनं आम्हाला लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये नेलं. सयाजीरावांनी रविवर्म्याकडून करून घेतलेली चित्रं तिथे आहेत. बाकीची मुलं पुढे गेली, मी चित्रातल्या बायकांच्या मानेमागे आकडे शोधत राहिलो. एकही दिसत नाही. गजरे काय सुंदर काढलेत, पण आकडे खाल्लेत त्यानं.

गजऱ्यावरून आठवलं. नाना खंडेराव मार्केटमधून जुईची सुटी फुलं आणायचे आणि गजरा मोठीआई ओवायची, पलंगावर बसून. आजोबा गेल्यापासून तिनं केसांत फूल घातलं नव्हतं. सुपारीएवढा अंबाडा, नुसता. ओवून झालं की गजरा माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "डावीकडे जरा जास्त ठेव." मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. तू यावरही विचारणार, आणि त्याची बाजू मी घेणार नाही.

आई मात्र एकच सांगायची: अजून घट्ट. "एकदा बांधला की संध्याकाळपर्यंत विसरता आला पाहिजे." आजीच्या कपाळावरची केसांची कड मागे सरकली आहे ना, ती वयानं, असं ती म्हणते. वर्षानुवर्षं ओढून बांधलं की तिथले केस विरळ होत जातात हे मला आता माहीत आहे. म्हणून तुला दर वेळी विचारतो, ओढतंय का. तू वैतागतेस. तिला मी विचारत नव्हतो.

आता जे सांगायला हे लिहायला बसलो ते. त्या दिवसांत एकदा, मी गुंता काढत असताना, ती म्हणाली, "कापूनच टाकू का रे सरळ? मानेपर्यंत?"

मी म्हटलं, "नको."

बस, एवढंच. मोठीआई बाहेर होती, नाना ऑफिसात. तिला अडवलं ते मी. मला नुकतंच जमायला लागलं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. ती हसली आणि पुन्हा पाठ ताठ करून बसली. तो विषय माझ्यासमोर तरी परत निघाला नाही.

प्लॅस्टर निघालं आणि नवरात्र आलं. मनगट अजून वळत नव्हतं, म्हणून गरब्याला जातानाचा अंबाडाही माझाच. तिसऱ्या फेरीत तो सुटला. मी कडेला उभा होतो, दोन आकडे जमिनीवर पडताना पाहिले आणि वाटलं, आता सगळ्यांना कळणार कुणी बांधला होता. आईच्या पाठीवर केस असे एकदम खाली आले. काकींनी खूण केली, ये, बांधून देते. आई गेली नाही. दोन फेऱ्या तशीच खेळली, टाळी द्यायला वळली की केस तिच्यामागून वळायचे. मग बाहेर आली, आकडे उचलले, दातांत धरले आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिथेच, सगळ्यांसमोर. मी बांधला. कोणी काही म्हटलं नाही. निदान मला ऐकू आलं नाही.

तिला तेव्हा काय आवडत होतं, बांधलेलं की सुटलेलं, मला खरंच सांगता येत नाही. काल फोनवर विचारलं. ती म्हणाली, "कोण विचारतंय, तू की ती?" मी म्हटलं, ती. "तिला म्हणावं, आधी कमरेपर्यंत वाढव, मग आपण दोघी बोलू." आणि नानांच्या गुडघ्यावर गेली.

तुला जूनच्या कार्यक्रमानंतर खांद्यापर्यंत कापायचे आहेत हे तुझ्या आईनं मला सांगितलंय. काप. मी नको म्हणणार नाही. थोडं तोंड पाडीन, तेवढं चालवून घे.

आणि तुझी बॅग बघ. ते सहा आकडे आजीचे आहेत, डबीत पाचच सापडताहेत.

बाबा