रातकिड्यांसाठी एफडी मोडू का?

तुमचा बेत असा: नाशिकमध्ये गाळा घेऊन रातकिडे वाढवायचे आणि लेपर्ड गेको, बिअर्डेड ड्रॅगन (किडे खाणाऱ्या परदेशी पाली-सरडे) पाळणाऱ्यांना खाद्य म्हणून जिवंत विकायचे. 10 क्रेट, प्रत्येकी 1,000 किडे, नगाला 2 रुपये, म्हणजे महिना 20,000. भांडवल म्हणून 3 लाखांची एफडी, जी जूनमध्ये मुलीच्या फीला लागणार आहे.

एफडीला हात लावू नका. मुदतीआधी मोडल्याचा अर्धा-एक टक्का दंड किरकोळ आहे. चूक तुमच्या ‘महिना’ या शब्दात आहे. 30 अंशांना अंडी फुटायला 10 ते 12 दिवस, पुढे पूर्ण वाढीला सहा आठवडे. एक क्रेट दोन महिन्यांतून एकदा निघतो. तिथेच 20,000 चे 10,000 झाले. एक तृतीयांश किडे मेले किंवा एकमेकांनी खाल्ले असं धरा (नवख्याने याहून कमी धरू नये), उरले 6,600. त्यातूनच गाळ्याचं भाडं, खाद्य, वीज. 100 वॉटचा हीटर अखंड चालला तर महिन्याला 72 युनिट, आणि नाशिकच्या थंडीत तो बंद ठेवलात तर क्रेट आणखी लांबतो.

शिवाय हा माल थांबत नाही. पंख फुटल्यावर किडा दोन-तीन आठवडेच जगतो, आणि लहान गेकोला तेवढा मोठा किडा चालत नाही. दुकानदाराचं ‘लागतील तसे घेऊ’ म्हणजे ऑर्डर नव्हे. आठवड्याला किती, कोणत्या आकाराचे, पैसे किती दिवसांत, हे आधी ठरवा.

सध्या पगारातून 8-10 हजार काढून घरीच दोन क्रेट लावा. नर रात्रभर किर्र करतात, तेव्हा शेजाऱ्यांचाही विचार करा. झाकणाला स्टीलची बारीक जाळी, प्लास्टिकची कुरतडतात. अंड्यांसाठी ओलसर कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) डबी. ते सुकलं की अंडी गेली. पाणी वाटीत नको, पिल्लं बुडतात; वॉटर जेल (पाणी धरून ठेवणारे मऊ गोळे) ठेवा. हवा कोंडून विष्ठेचा अमोनिया साचला तर सकाळी अख्खा क्रेट आडवा दिसेल. क्रेट वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा: 2009-10 च्या सुमारास अमेरिकेत डेन्सोव्हायरस या रातकिड्यांना मारणाऱ्या विषाणूने मोठमोठी फार्म रिकामी केली होती.

तीन फेऱ्यांची वही ठेवा. क्रेटमागे 600 तरी जिवंत विकले गेले, तर फी भरून झाल्यावर क्रेट वाढवा. आणि हो, हे शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही. रिटर्नमध्ये व्यवसायाखाली दाखवा.