आधी स्थिरता, मग फ्लॅश

प्रिय मित्रा,

फ्लॅशच्या गणितात, म्हणजे दिलेल्या तापमान-दाबाला मिश्रण द्रव आणि बाष्पात कसं विभागतं ते काढताना, रेसिड्यूअल (समीकरणात उरलेली चूक) दहाच्या उणे बाराव्या घातापर्यंत उतरला, तरी द्रव आणि बाष्प दोन्हींचं संघटन फीडसारखंच, म्हणजे मूळ मिश्रणासारखंच, का येतं, असं तू विचारलंस. अरे, दोन्ही फेज (अवस्था) एकसारख्या धरल्या की फ्युगॅसिटी (घटकाची फेज सोडून जाण्याची ओढ) आपोआप समान होणारच! क्रिटिकल बिंदूजवळ, जिथे द्रव-बाष्पातला फरक मिटतो, सुरुवातीचा अंदाज जरा ढिला असला की इटरेशन त्या ट्रिव्हियल उत्तरात घरंगळतं. आणि तू काय केलंस, तर टॉलरन्स (इटरेशन थांबवायची मर्यादा) आणखी घट्ट केलास. त्याने चुकीच्या उत्तराचे दशांश वाढले, एवढंच.

समान फ्युगॅसिटी आवश्यक आहे, पुरेशी नाही. निकाल गिब्ज ऊर्जा देते: जिथे ती सर्वांत कमी, तेच खरं उत्तर. म्हणून आधी स्थिरता, म्हणजे फीड एकाच फेजमध्ये टिकतं का ते बघ, मग फ्लॅश. मिकेलसेनने 1982 मध्ये मांडलेली स्पर्शप्रतलाची चाचणी लिहायला घे.

फीडसाठी क्युबिक अवस्था-समीकरणाची (पेंग-रॉबिन्सनसारख्या, दाब-आकारमान-तापमान जोडणाऱ्या) तीन रूट आली तर मधलं टाकून दे; उरलेल्या दोन्हींत ज्याची गिब्ज ऊर्जा कमी ते घे. 'वरचं रूट बाष्पाचं' असं डोळे मिटून धरू नकोस. मग प्रत्येक घटकासाठी मोलअंशाचा लॉग अधिक फ्युगॅसिटी गुणांकाचा लॉग काढून जपून ठेव. आता दोन चाचणी-फेज घे: एक फीड गुणिले के, दुसरी फीड भागिले के. के म्हणजे घटकाचा बाष्पातला मोलअंश भागिले द्रवातला; सुरुवातीला तो विल्सनच्या सूत्राने अंदाजायचा. दोन्ही चालव, एक नव्हे. दर फेरीत चाचणी-फेजचं संघटन नॉर्मलाइझ करून तिचे गुणांक काढ, त्यांचा लॉग जपलेल्या संख्येतून वजा कर आणि घातांक घे. हे नवे मोल. कन्व्हर्ज झाल्यावर त्यांची बेरीज 1 पेक्षा जास्त आली की फीड अस्थिर. चाचणी फीडकडेच परतली तर ती थांबव. त्या चाचणीने काहीच सिद्ध केलं नाही. पाणी असेल तर शुद्ध पाण्याची तिसरी चाचणी हवीच, नाहीतर दुसरा द्रव तुला दिसणारही नाही.

अस्थिर निघालं की त्याच चाचणीतून फ्लॅशसाठी के मिळतात, आणि क्रिटिकलजवळ ते विल्सनच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरे असतात.

फ्लॅशचा सॉल्व्हर मात्र आधी वेगळा तपास. मिथेन आणि एन-ब्युटेन निम्मं-निम्मं, 300 केल्विन, 5 मेगापास्कल. विल्सनने के येतात सुमारे 6.67 आणि 0.0516. रॅचफर्ड-राइस समीकरणातून (मोलांचा ताळेबंद) बाष्पाचा वाटा 0.439, द्रवात मिथेन 0.143 यायला हवं. हे आकडे फक्त सॉल्व्हरच्या परीक्षेसाठी. पेंग-रॉबिन्सनचं अंतिम उत्तर वेगळं येईल. इथे रूट शोधायची खिडकी उणे 0.176 ते 1.054 आहे. मधल्या फेऱ्यांत वाटा 0 च्या खाली किंवा 1 च्या वर गेला तर जाऊ दे, तुझ्या कोडसारखा काठावर आणून ठोकू नकोस. न्यूटन पद्धतीची उडी खिडकीबाहेर पडली तर बायसेक्शन कर, म्हणजे खिडकी निम्मी करत जा.

के सुधारताना सुरुवातीला सक्सेसिव्ह सब्स्टिट्यूशनच (नवे के थेट पुढच्या फेरीत घालणं) ठेव. संथ आहे, पण सहसा गिब्ज ऊर्जा खाली नेतं. न्यूटन नंतर, आणि त्याच्या प्रत्येक पायरीनंतर ऊर्जा घटली का ते बघ, वाढली तर मागे फिर.

रिझर्व्हॉयर सिम्युलेशनवाले (तेलसाठ्याचे ब्लॉक पाडून प्रवाह मोजणारे) म्हणतील, प्रत्येक ब्लॉकला दर टाइमस्टेपला एवढी चाचणी परवडत नाही, म्हातारा अतिरेक करतो. परवडत नाही हे खरं. म्हणूनच ते आधीच्या टाइमस्टेपचा निकाल वापरून, ब्लॉक फेज-सीमेपासून पुरेसा लांब असेल तरच चाचणी टाळतात. तुला सीमा कुठे आहे हेच अजून सापडलेलं नाही, तू काय टाळणार?

फ्लॅश झाल्यावर मिळालेल्या एका फेजवर पुन्हा स्थिरता चाचणी लाव. तीही अस्थिर निघाली तर तिसरी फेज शोधायची आहे. तोवर तुझ्या फ्लॅश-निकालांचा आलेख गाइडला दाखवू नकोस. दोन्ही चाचण्यांच्या बेरजा आधी मला पाठव, सहा दशांशांपर्यंत.