वनस्पतीतलं संयुग वेगळं करायला शिकताना कालमेघापासून सुरुवात करताय? उत्तम!

निवड चांगली आहे. कालमेघाच्या पानांत अँड्रोग्राफोलाइड हे कडू संयुग भरपूर असतं, मेथॅनॉल या द्रावकात उतरतं आणि बऱ्यापैकी शुद्ध झालं की छान स्फटिक धरतं. नवख्याला आणखी काय हवं?

वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पक्की करून नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा. हे राहिलं तर पुढचं सगळं मुसळ केरात. पानं सावलीतच वाळवा.

सगळ्यांना घाई असते ती कॉलमची, म्हणजे सिलिकाची पूड भरलेल्या नळीतून अर्कातली संयुगं वेगळी करण्याची. थांबा, आधी टीएलसी, म्हणजे सिलिकाचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर तीच चाचणी! द्रावकांचं प्रमाण बदलत प्लेटा चालवा. हवा तो ठिपका आरएफ (द्रावकाने कापलेल्या अंतराच्या तुलनेत ठिपक्याने कापलेलं अंतर) ०.३ च्या आसपास, शेजाऱ्यांपासून सुटा दिसला, की तेच मिश्रण कॉलमला घ्या. मग तीन पथ्यं:

- सिलिका कोरडी पडू देऊ नका.
- अर्क कोंबू नका.
- हिरवा पट्टा उतरला म्हणून हुरळू नका, ते क्लोरोफिल आहे.

द्रावकं प्लॅस्टिकच्या बाटल्यांत ठेवू नका. प्लॅस्टिक मऊ करायला घातलेली थॅलेट ही रसायनं त्यांत उतरतात आणि वनस्पतीतलं संयुग म्हणून मिरवतात. अशी 'संयुगं' शोधनिबंधांत छापूनही आली आहेत!

एनएमआरचं, म्हणजे रेणूची रचना ओळखण्याच्या तंत्राचं, नंतर बघू. तोवर प्रत्येक प्लेटचा फोटो तारीख घालून वहीत चिकटवत चला.