बोनस आला आहे, रेडिओचं टेबल कुठे मांडू?

प्रश्न: मी ४३ वर्षांचा आहे, चाकणला नोकरी करतो. धायरीत ४३० चौरस फुटांचा वन बीएचके आहे. घरात पत्नी आणि आठवीतली मुलगी. मला जुने व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांवर चालणारे) रेडिओ दुरुस्त करण्याचा नाद आहे, पण सगळा पसारा पलंगाखाली खोक्यांत पडून असतो. हातात पगार ७२,०००. गृहकर्जाचा हप्ता २३,४०० (अजून ११ वर्षं, बाकी सुमारे २० लाख), घरखर्च ३८,०००, एसआयपी ६,०००. एफडी ९०,००० ची. क्रेडिट कार्डावर ४६,००० थकले आहेत, दरमहा किमान रक्कम भरतो, ती घरखर्चातच धरली आहे. आता १,४०,००० बोनस मिळाला आहे. बाल्कनी बंद करून आत कायमचं टेबल आणि कपाटं करायला सुताराने १,१५,००० सांगितले. जवळच एक गाळाही मिळतोय, भाडं ५,५००, अनामत ३०,०००. शिवाय ३२,००० चा ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घ्यावा असं मनात आहे. रेडिओ विकून पैसे सुटतील, म्हणजे ही गुंतवणूकच झाली ना? पत्नी म्हणते, मुलीची दहावी तोंडावर आली आहे. काय करू?

नमस्कार.

टेबल जरूर मांडा. पण बाल्कनीत नको, गाळ्यात तर मुळीच नको, आणि या फेरीत ३४,००० च्या वर खर्च नको.

आधी रेडिओ विकून पैसे सुटण्याचा हिशेब करू, कारण बाकीचा सगळा मोह त्यातून आला आहे. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी एखादा बंद पडलेला मर्फी नाहीतर बुश २,५०० ला मिळाला असं धरा. कपॅसिटर, एखादा व्हॉल्व्ह, डायल कॉर्ड मिळून १,२००. कॅबिनेटला पॉलिश आणि पुढचं कापड ८००. तो ७,००० ला गेला तर हातात २,५०० राहतात. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीला काम करणाऱ्याचा महिन्याला एक रेडिओ पुरा झाला तरी खूप. म्हणजे सुताराचे १,१५,००० भरून यायला ४६ रेडिओ लागतील, जवळजवळ चार वर्षं. तेही प्रत्येकाला गिऱ्हाईक मिळालं तर. हे पैसे मिळाले तर आनंदच आहे, पण त्यांच्या भरवशावर आज पैसे बाहेर काढू नका. छंदावर खर्च करण्यात काहीच गैर नाही. कष्टाने मिळालेल्या बोनसमधला काही भाग स्वतःच्या आवडीसाठी ठेवावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. मात्र तो खर्च म्हणूनच मांडा, म्हणजे त्याची मर्यादा आपोआप ठरते.

आता कार्ड. बहुतेक कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ४६,००० वर ते १,६१० होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,९००. तुम्ही किमान रक्कम म्हणून २,३०० च्या आसपास भरत असाल, तर त्यातले जेमतेम ४०० मुद्दलात जातात. त्यात थकबाकी पुढे ओढत असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. दुकानात कार्ड फिरवल्या दिवसापासून व्याज सुरू. एवढं महाग कर्ज डोक्यावर असताना दुसरं काहीही आधी येत नाही. बोनसमधले ४६,००० आजच भरून टाका.

ऑसिलोस्कोपचा नो कॉस्ट ईएमआयही नको. त्यात बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. व्याजदर १६ टक्के आणि फी १९९ धरली, तर ३२,००० वर वर्षभरात सातशेच्या आसपास वर जातील. रक्कम मोठी नाही. मोठी गोष्ट ही की कार्ड रिकामं झालं त्याच आठवड्यात त्यावर पुन्हा वर्षभराचा हप्ता चढेल. आणि तुमच्या कामाला तो सुरुवातीला लागतही नाही. व्हॉल्व्ह सेटमधले बहुतेक दोष वाळलेल्या इलेक्ट्रोलायटिक आणि गळक्या पेपर कपॅसिटरचे असतात. चांगला मल्टिमीटर आणि एक साधा कॉम्पोनंट टेस्टर यांवर ते सापडतात.

गाळ्याबद्दल थोडक्यात. तुमचा पगार वजा हप्ता, घरखर्च, एसआयपी म्हणजे ४,६०० उरतात. भाडंच ५,५००. पहिल्याच महिन्यात ९०० ची तूट, वर वीजबिल आणि करारनाम्याचा खर्च. शिवाय जेवण झाल्यावर अर्धा तास बसायचं म्हटलं तर चपला घालून दुसऱ्या इमारतीत कोण जाणार? महिन्याभरात तिथे नुसतं भाडं चालू राहील.

बाल्कनीवर मात्र नीट विचार करायला हवा. ती बंद करायला सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी लागते. सुताराच्या आकड्यात ते धरलेलं नसणार. जागेवर ठोकलेलं फर्निचर पुढे काढायचं ठरलं तर त्यातून हाती काही येत नाही. पण सगळ्यात वजनदार मुद्दा तुमच्या पत्नीने मांडला आहे. मुलगी दोन वर्षांत दहावीला जाईल आणि या घरात दार लावून बसता येईल अशी जागा म्हणजे ती बाल्कनीच. उद्या ती बंद करायची झालीच तर तिच्या अभ्यासासाठी करा, तो घराचा खर्च समजा आणि त्याचा वेगळा विचार पुढच्या वर्षी करा. दिवसा तिचं टेबल आणि रात्री तुमचं, अशी तडजोडही करू नका. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. त्याचे कण टेबलावर राहतात, हाताला लागतात. ज्या फळीवर वह्या आणि डबा येतो तिथे हे काम नको.

मग टेबल कुठे? हॉलमध्ये, बाल्कनीच्या दाराशेजारच्या भिंतीला. चार फूट बाय दोन फूट, १९ मिलिमीटर प्लायवूडची फळी, जाड लोखंडी ब्रॅकेटवर. व्हॉल्व्ह रेडिओचं वजन आठ-दहा किलो सहज भरतं, तेव्हा घडीचं हलकं टेबल चालणार नाही. फळी आणि बसवणूक ७,५०० त व्हावी. शेजारी जुनं लोखंडी कपाट, कुलूप लागेल असं, ५,०००. दाराजवळ छोटा एक्झॉस्ट पंखा १,५००, फ्लक्सचा धूर घरात राहू नये म्हणून.

विजेच्या कामात काटकसर करू नका, इथे मी आग्रही आहे. काही जुन्या एसी-डीसी सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनच्या एका तारेला जोडलेली असते, आणि प्लग उलटा बसला तर तीच फेज होते. म्हणून २३० ला २३० व्होल्टचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्याच, ५,००० धरा. टेबलासाठी स्वतंत्र एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच), अर्थिंग तपासून घेणं आणि सिरीज बल्बचा बोर्ड, मिळून ४,५००. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट आधी १०० वॉटच्या साध्या, तारेच्या बल्बमधून चालू करायचा. बल्ब भगभगून पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि तेवढ्यात रेडिओचा ट्रान्सफॉर्मर वाचलेला असतो. ही जुनी पद्धत तुम्हाला माहीत असेलच, पण बोर्ड पक्का आणि झाकलेला करून घ्या. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट राहू शकतात, तेव्हा ते रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय उघडा सेट टेबलावर सोडून उठायचं नाही. घरात मुलगी आहे.

तापमान नियंत्रित सोल्डरिंग स्टेशन ३,५००, मीटर आणि टेस्टर ३,५००. एकूण ३०,५००. उरलेले ३,५०० सुट्या भागांना ठेवा. हे माझे अंदाज आहेत, पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक फेरी मारून भाव करून घ्या.

आता बोनसची वाटणी पाहा. ४६,००० कार्डाला, ३४,००० टेबलाला, उरले ६०,०००. ते एफडीत जोडा, म्हणजे अडीअडचणीसाठीची राखीव रक्कम १,५०,००० होईल. कार्डाचे २,३०० वगळले तर हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला ५९,१०० लागतील. तीन महिन्यांचे १,७७,३०० हवेत, म्हणजे २७,३०० कमी पडतात. कार्ड मिटल्याने सुटलेले २,३०० आणि आधीचे ४,६०० मिळून दरमहा ६,९०० मोकळे होतात. त्यातले ४,००० राखीवकडे वळवले तर सात महिन्यांत ती भरेल. १,००० रेडिओंना द्या, त्याबाहेर जाऊ नका. विकलेल्या रेडिओचे पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवा, वहीत खरेदी-विक्री लिहा; त्यातला नफा उत्पन्नात दाखवावा लागतो. ऑसिलोस्कोप घ्यायचा तो याच खात्यातून, रोखीने. आणि एक बंधन स्वतःवर घाला: घरात एका वेळी चार सेटच. पाचवा आणायचा असेल तर एक विकायचा किंवा कोणाला द्यायचा. ४३० फुटांत जागा पैशाइतकीच मोलाची आहे, आणि ती तिघांची आहे.

गृहकर्जात बोनस घालण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा, राखीव रक्कम भरल्यावर पाहू.

उरले महिन्याचे १,९००. तुमच्या पत्रात एसआयपी आहे, एफडी आहे, पण टर्म विम्याचा उल्लेख नाही. कंपनीचा गट विमा असला तरी नोकरी बदलली की तो संपतो. २० लाखांचं कर्ज आणि मुलीचं शिक्षण बघता तुम्हाला एक कोटीच्या आसपास स्वतंत्र टर्म कव्हर हवं. ते नसेल तर हे १,९०० त्याच्या हप्त्यासाठी राखा, कमी पडतील तेवढे एसआयपीतून वळवा, आणि प्रस्ताव अर्ज याच महिन्यात भरा. सुताराला फळीचं माप त्यानंतर द्या.