लिंग्विस्टिक्सच्या एमएसाठी ३५ लाखांचं कर्ज काढावं का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी कोल्हापूरला संस्कृत घेऊन टीवायबीएला आहे, तिला लिंग्विस्टिक्समध्ये एमए करायचंय, कन्सल्टन्सीवाल्याने युकेतला एक वर्षाचा कोर्स दाखवलाय, राहण्याखाण्यासकट ३५ लाख, आणि तिचे बाबा म्हणतायत भाषाच शिकायची तर पुणं काय वाईट आहे.

बाबांचं निम्मं बरोबर आहे. फक्त त्यांना एवढं सांगा की लिंग्विस्टिक्स म्हणजे चार भाषा बोलायला शिकणं नव्हे, भाषा आतून चालते कशी ते बघणं. पाणिनीची सूत्रं सोडवलेल्या मुलीला ते परकं वाटणार नाही.

आता पैशाचं बघू. ३५ लाख, साडेदहा टक्के, १० वर्षं धरलीत तर हप्ता महिन्याला ४७ हजारांच्या आसपास बसतो, कोर्स चालू असताना चढणारं व्याज वेगळंच. आणि शिकून झाल्यावर तिकडे नोकरी शोधायला जो व्हिसा मिळतो तो १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्षाचा. नुसत्या थिअरीच्या एमएवर तेवढ्या वेळात हा हप्ता झेपेल अशी नोकरी लागेलच असं मी तरी म्हणणार नाही. (कन्सल्टन्सीवाल्याला एकदा विचाराच, तुम्हाला युनिव्हर्सिटीकडून कमिशन किती मिळतं म्हणून.)

पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. संस्कृतचा तो प्रचंड कोश १९४८ पासून तिथेच चाललाय, म्हणजे तुमच्या मुलीला संस्कृत सोडावं न लागता हा विषय करता येईल अशी जागा तिला घरापासून चार-पाच तासांवर आहे. सीयुईटी-पीजी ही एमएची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा दिली तर दिल्लीतलं जेएनयु, दिल्ली युनिव्हर्सिटी. जेएनयुची ट्यूशन फी वर्षाला काही शे रुपये, खरा खर्च होस्टेल-मेसचा.

पण स्वस्त आहे म्हणून डोळे झाकून नको. लिंग्विस्टिक्समध्ये नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, होते, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७ हजार, पण प्राध्यापकीच्या जागा फार थोड्या, कारण हा विभागच मोजक्या ठिकाणी आहे, आणि मराठी किंवा इंग्रजीच्या जागेला साधारणपणे त्याच विषयाचं एमए मागतात, हे खूप मुलांना एमए झाल्यावर कळतं. स्पीच थेरपी हा चांगला पोटापाण्याचा रस्ता, पण तो बारावी सायन्सवाल्यांचा, तो विषय सोडा.

मग नोकऱ्या कुठे? भाषेच्या सॉफ्टवेअरमध्ये. बोललेलं टाइप करणारी, मजकूर वाचून दाखवणारी, भाषांतर करणारी सिस्टीम, लोकलायझेशन (म्हणजे अ‍ॅप-वेबसाइट स्थानिक भाषेत आणणं), केंद्र सरकारचा भारतीय भाषांच्या भाषांतराचा भाषिणी प्रकल्प. त्यात नुसतं एमए असेल तर बरेचदा डेटाला लेबल लावायचं कंत्राटी काम हाती येतं, पण पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि स्टॅटिस्टिक्स येत असेल तर तीच मुलगी वेगळ्या खुर्चीत बसते. माझ्या मते सगळा फरक इथे पडतो, कॉलेज देशातलं की परदेशातलं याने नाही.

म्हणून मी म्हणेन आधी इथे एमए, सोबत कोडिंग. परदेश हवाच असेल तर नंतर जर्मनी. सारलँड युनिव्हर्सिटीत भाषा आणि तंत्रज्ञानाचा एमएससी इंग्रजीतून आहे, ट्यूशन फी नाही, ट्यूबिंगेनला सेमिस्टरला १,५०० युरो. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला दाखवावे लागतात, पण ते पैसे तिचेच, दर महिन्याला खर्चाला मिळतात.

तोवर या सुट्टीत तिला एक काम द्या. पायथनची तोंडओळख करून घेऊन संस्कृतातले स्वरसंधी जोडणारा एक छोटा प्रोग्राम तिने लिहून बघावा, अ पुढे इ आला तर ए, एवढ्यापासून सुरुवात. मजा आली तर मला कळवा, आणि वैताग आला तरी कळवा, कारण मग माझा सल्ला वेगळा असेल.